वेंगुर्ल्यातील एका फॅशन रेखाटनाचे प्रकरण: चित्र, कापड आणि हिशेब

प्रकरण कसे उभे राहिले

वेंगुर्ल्यातील एका जुन्या जांभ्याच्या घरात, माजघराच्या भिंतीवर, निदान दोन पिढ्या टांगलेले एक चौकटीतले चित्र हा या अभ्यासाचा विषय आहे. चित्रात एक बाई उभी आहे. तिच्या अंगात लाल झगा असून तो कमरेपर्यंत अंगासरशी बसलेला आणि कमरेखाली मोठ्या घेराने पोटरीच्या मध्यापर्यंत उतरलेला आहे. डोक्यावर चपटी, लहानशी टोपी, हातांत मोजे आणि पायांत बारीक टाचेचे बूट आहेत. कागद साधारण फुलस्केप आकाराचा आहे. त्यावर सही नाही, तारीख नाही. खालच्या कोपऱ्यात रोमन लिपीत ‘पॅरिस’ एवढाच शब्द आहे.

घराचे मूळ पुरुष मुंबईत फोर्ट भागात बायकांचे कपडे शिवणाऱ्या एका दुकानात कारागीर होते आणि उतारवयात बोटीने गावी परतले, एवढी माहिती घरात सर्वांना आहे. आज घर त्यांच्या मुलीच्या, घरात सगळे ज्यांना आत्या म्हणतात त्यांच्या, ताब्यात आहे. आत्यांचा भाचा घरातील दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देतो. नवी चौकट करून, वर दिवा लावून हे चित्र पाहुण्यांच्या बैठकीत टांगावे, अशी त्याची इच्छा होती. त्याच सुमारास जुन्या वस्तूंच्या मुंबईतील एका खरेदीदाराने चित्राचा फोटो पाहिला आणि ‘हे पॅरिसच्या फॅशनगृहातील मूळ रेखाटन आहे’ असे जाणकाराचे पत्र मिळाल्यास चांगली रक्कम देण्याची तयारी दाखवली. घरातली समजूत तिसरीच होती. हे दुकानात येणाऱ्या कुणा मडमेचे चित्र असून एखाद्या चित्रकाराने ते आजोबांना भेट दिले असावे, असे सगळे धरून चालले होते. आत्यांचे मत मात्र पहिल्याच भेटीत स्पष्ट होते: “ह्यां चित्र नाय, ह्यो कामाचो कागद आसा.”

चित्र नेमके काय आहे, कोणत्या काळातले आहे आणि कोकणच्या हवेत ते कसे टिकवावे, या तीन प्रश्नांवर लेखी अभिप्राय देण्याचे काम आमच्याकडे आले. आत्यांचे म्हणणे खरे ठरले, हे आधीच सांगून टाकतो. पण ते खरे ठरण्याची कारणे पुराव्यानिशी मांडणे गरजेचे आहे. व्यक्तिचित्र, मूळ डिझाइन आणि शिवणाचा कामाचा कागद या तिन्ही गोष्टींची किंमत वेगळी असते, जपणूक वेगळी असते आणि त्यांच्याबद्दल काय लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरेल, तेही वेगळे असते.

ही बाई कुणाची नव्हे

व्यक्तिचित्राची शंका सर्वांत आधी निकालात निघाली, आणि त्यासाठी मोजपट्टी पुरली. चित्रातील डोक्याची उंची २.६ सेंटिमीटर, आणि टाळूपासून टाचेपर्यंत पूर्ण आकृती २४.७ सेंटिमीटर भरली. म्हणजे ही बाई साडेनऊ डोक्यांएवढी उंच आहे. प्रत्यक्षात माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारे साडेसात पट असते. फॅशनच्या रेखाटनात आकृती नऊ-दहा डोक्यांची करण्याचा प्रघात आहे, आणि ही वाढवलेली उंची बहुतेक पायांत घातली जाते, कारण कापडाचा झोक आणि घेर दाखवायला जागा तिथेच मिळते. कमरेचेही तसेच आहे. चित्रात कंबर समोरून दीड सेंटिमीटर रुंद आहे. डोके प्रत्यक्षात २२ सेंटिमीटर धरले तर ही रुंदी १३ सेंटिमीटरही भरत नाही. चित्राच्या पाठीमागे कमरेचे माप २६ इंच लिहिले आहे आणि तेवढ्या कमरेची समोरची रुंदी २३ सेंटिमीटरच्या आसपास असते. कमरेचे खरे माप माहीत असूनही काढणाऱ्याने कंबर जवळजवळ निम्मी केली, त्याअर्थी बाई दाखवणे हा हेतूच नव्हता. चेहरा पाहिला तरी हेच दिसते: भुवयांच्या दोन रेघा, ओठांचा एक ठिपका आणि नाकाच्या जागी काहीही नाही. याउलट पट्ट्याच्या बकलाला चार कोन आहेत आणि बकलाची जीभसुद्धा काढलेली आहे.

उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, बोटभर उंचीत, तोच झगा पाठीमागून काढला आहे. त्याला डोके नाही, हातपाय नाहीत. फक्त पाठ, मानेपासून कमरेपर्यंत बटणांची ओळ आणि घेर एवढेच आहे. भिंतीवर लावायच्या चित्रात अशी आकृती कुणी काढत नाही. झगा कुठे उघडतो हे न कळता कापड बेतता येत नाही, म्हणून ही आकृती शिवणाऱ्यासाठी काढली जाते. परदेशी कागदी नमुन्यांच्या, म्हणजे पॅटर्नच्या, पाकिटांवर मुख्य आकृतीच्या बाजूला पाठमोरी छोटी आकृती छापण्याची रीत होती. बटरिकसारख्या कंपन्यांनी असे नमुने १८६३पासून विकायला सुरुवात केली, आणि सिंप्लिसिटीसारख्या स्वस्त नमुन्यांच्या कंपन्या १९२७नंतर आल्या. मासिकांच्या पानांवरून हाताने काढलेली चित्रे हटून फोटो आले, तरी पाकिटांवरील आकृत्या पुढेही बराच काळ हाताने काढलेल्याच राहिल्या. आपल्या कागदावरील आकृतीचा मूळ स्रोत अशाच छापील पाकिटात किंवा पानात असावा, असे आमचे मत या पाठमोऱ्या आकृतीमुळे झाले.

रेघ कुठे चालते आणि कुठे अडखळते

चौकट उघडल्यावर कागद टेबलावर सपाट ठेवला आणि एका बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर, प्रकाश टाकला. अशा तिरप्या प्रकाशात कागदावरील दाब, खोडलेल्या खुणा आणि सुरकुत्या उठून दिसतात. घेराची, पायांची, टोपीची आणि हातमोज्यांची बाह्यरेषा एकाच दाबाने कागदात रुतलेली होती आणि रुतलेल्या खाचेत काळसर भुकटी राहिली होती. हातात सराव असलेला चित्रकार रेघ ओढताना दाब कमी-जास्त करतो. वळणावर रेघ बारीक होते, थांबते तिथे जाड होते. इथे तसे काही नाही. खाली कार्बन कागद घालून छापील आकृती गिरवली आणि नंतर वरून शाईने पक्की केली, हे यावरून उघड झाले. कोपऱ्यातील ‘पॅरिस’ हा शब्दही त्याच दाबाने, त्याच खाचेत आहे. म्हणजे आकृतीखालील छापील ओळीतला एक शब्द आकृतीबरोबर गिरवला गेला. खरेदीदाराचा सगळा दावा ज्या शब्दावर उभा होता, त्याचा उलगडा इथेच झाला.

गळा आणि बाह्या मात्र वेगळ्या हाताने केलेल्या आहेत, निदान वेगळ्या रीतीने तरी. तिथे कागदात खाच आहे, पण त्या खाचेवर शाई नाही. गिरवलेला मूळ गळा रुंद आणि खांद्यांपर्यंत उघडा होता व झगा बिनबाह्यांचा होता. ती रेषा खोडरबराने घासून काढलेली आहे, इतकी की त्या जागी कागदाचे तंतू उसवले आहेत. त्यावर मऊ पेन्सिलीने मानेशी बसणारी छोटी कॉलर आणि कोपरापर्यंतची बाही काढली आहे. डाव्या बाहीची रेघ दोनदा काढून पुसली आहे आणि तिसऱ्यांदा ती जागेवर आली आहे. उजव्या बाहीला काखेत एक छोटी चुणी दाखवली आहे. हात वर केल्यावर बाही ओढली जाऊ नये म्हणून काखेत ढिलाई द्यावी लागते, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच ती काढली असणार. रेघ चित्रकाराची नाही, पण अचूक आहे.

या कागदाचे सगळे महत्त्व आमच्या मते याच दोन-चार इंचांत आहे. पॅरिसच्या छापील झग्याची प्रत एकट्या मुंबईत त्या काळात कित्येक दुकानांत गिरवली गेली असेल. पण गळा कुठपर्यंत झाकायचा आणि बाही कुठे थांबवायची, हे गिऱ्हाइकाशी बोलून ठरवताना शिंप्याच्या हातात जी पेन्सिल होती, तिच्या खुणा शिल्लक राहिलेले कागद क्वचितच सापडतात. कामाचे कागद काम झाल्यावर फेकले जातात. हा का ठेवला गेला, याचे उत्तर घरात कुणालाच देता आले नाही.

पाठीमागचा हिशेब

कागदाच्या पाठीमागे निळ्या शाईत, मोडी अक्षरांत, सहा ओळी आहेत. मोडी शाळेतून विसाव्या शतकाच्या मध्यास गेली, तरी त्याआधी शिकलेल्या माणसांनी पुढेही ती हिशेबासाठी वापरलीच, त्यामुळे तिच्यावरून काळ ठरत नाही. आकडे असे आहेत: छाती ३४, कंबर २६, लांबी २८, कळ्या ६, मग ‘४। वार’, आणि शेवटी ‘९-९-०’. चारच्या आकड्यापुढील एक उभा दंड म्हणजे पाव, तेव्हा कापड सव्वाचार वार (एक वार म्हणजे ३६ इंच). शेवटचा आकडा रुपये, आणे (सोळा आण्यांचा रुपया) आणि पै असा वाचायचा: नऊ रुपये नऊ आणे.

ही रक्कम शिलाईची की कापडाची, असा प्रश्न भाच्याने विचारला. सव्वाचार वारांना नऊ रुपये नऊ आणे म्हणजे वाराला बरोबर सव्वादोन रुपये पडतात, एक पैही इकडे-तिकडे होत नाही. पावकी-सवायकी, म्हणजे पाव-सव्वाचे पाढे, तोंडपाठ असलेल्या पिढीला हा गुणाकार मनातल्या मनात जमत असे. रक्कम कापडाचीच असावी. शिलाई वारावर मोजली जात नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न सव्वाचार वारांत हा झगा बसतो का, हा होता. चित्रात जेवढा घेर दिसतो तेवढा हवा असेल तर झग्याचा कमरेखालचा भाग पूर्ण गोल कापावा लागेल. कंबर २६ इंच म्हणजे कमरेच्या गोलाची त्रिज्या चार इंचांहून किंचित जास्त. तिच्यात २८ इंच लांबी आणि दोन इंच दुमड मिळवली की ३४ इंच होतात. ३६ इंच पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, कापडात असा गोल एकसंध निघत नाही, चार चतकोर तुकड्यांत काढावा लागतो. प्रत्येक तुकड्याला ३४ इंच लांबी लागते, म्हणजे एकूण १३६ इंच, पावणेचार वारांच्या थोडे वर. वरची चोळी, कॉलर आणि बाह्या यांना आणखी दीड वार धरला की हिशेब सव्वापाच वारांच्या पुढे जातो. सव्वाचार वारांत पूर्ण गोल बसत नाही.

सहा कळ्यांत मात्र झगा बसतो. कळी म्हणजे वर निमुळती, खाली रुंद अशी पट्टी, आणि आपल्याकडे ती एक बाजू सरळ व एक बाजू तिरकी ठेवून कापतात. कमरेशी प्रत्येक कळीला सव्वाचार इंचांच्या थोडे वर आणि दोन्हींकडच्या शिवणींची माया, म्हणजे शिवणीत जाणारे जास्तीचे कापड, एक इंच, असे सुमारे सव्वापाच इंच. खाली मायेसह २८ इंच. एक कळी सुलटी आणि तिच्या शेजारी दुसरी उलटी मांडली की दोन्ही तिरक्या बाजू एकमेकींना भिडतात आणि दोहोंची मिळून रुंदी साडेतेहतीस इंचांच्या आत भरते. ३६च्या पन्ह्यात ती आरामात बसते. जोडीला दुमड आणि मायेसह ३१ इंच लांबी, अशा तीन जोड्यांचे ९३ इंच होतात. चोळी-बाह्यांचा दीड वार, म्हणजे ५४ इंच, मिळवले की १४७ इंच भरतात. सव्वाचार वारांचे १५३ इंच होतात. सहा इंच कापड हाताशी राहते. पट्ट्याला आणि बटणांवर मढवायला ते पुरते.

घेरात काय गमावले, तेही मोजता येते. पूर्ण गोल झग्याचा खालचा काठ २०० इंचांच्या आसपास असता. सहा कळ्यांचा काठ १६२ इंच होतो. काठ पाचव्या हिश्शाने कमी झाला आणि झग्याचे कापड सव्वा वाराच्या जवळपास वाचले. शिवताना एका कळीची सरळ बाजू शेजारच्या कळीच्या तिरक्या बाजूला जोडली की तिरकी कड ताणून लोंबत नाही आणि काठ खाली-वर होत नाही. चित्रातला घेर गोलाचा आहे आणि पाठीमागचा हिशेब कळ्यांचा. परदेशी रूप आणि मुंबईच्या कापडाचा भाव यांच्यात शिंप्याने काढलेली ही वाट आहे, आणि ती कागदाच्या दोन बाजूंवर जशीच्या तशी उतरली आहे.

उलट-सुलट कळ्या मांडण्यात एकच अडचण असते: कापडावरच्या छापाला दिशा असेल, म्हणजे फुलांचे देठ एकाच बाजूला असतील, तर एकाआड एक कळीवर फुले उलटी येतात. तसे नको असेल तर सगळ्या कळ्या सुलट्या मांडाव्या लागतात, जोडी जमत नाही आणि नुसत्या कमरेखालच्या भागालाच पाच वारांहून अधिक कापड लागते. आमच्या प्रकरणात याचे उत्तर कागदालाच टोचलेले होते. डाव्या कडेला गंजलेल्या टाचणीने कापडाचा एक तुकडा, दोन बोटे रुंद, अडकवलेला आहे: सुती, लाल, त्यावर पांढरे बारीक ठिपके. ठिपक्यांना वर-खाली नसते.

काळ

पेहरावावरून फार तर ‘याच्या आधीचे नाही’ एवढे ठरते. आवळलेली कंबर आणि पोटरीपर्यंतचा मोठा घेर ही धाटणी १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर क्रिस्तियां दिओरने दाखवलेल्या पहिल्या संग्रहानंतर जगभर पसरली. त्याआधीची युद्धाची वर्षे कापडाच्या टंचाईची होती. ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग १९४१पासून मार्च १९४९पर्यंत चालले, आणि त्या काळातले झगे आखूड व अरुंद होते. आपल्या चित्रातील बुटांच्या टाचा अगदी बारीक आहेत आणि त्या १९५०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांनंतरच रूढ झाल्या. १९५७-५८पर्यंत पॅरिसमध्ये कमरेवर न आवळणारे, सैल सरळ झगे पुढे आले, पण त्यावरून वरची मर्यादा ठरवता येत नाही. परदेशी मासिके आणि नमुने मुंबईत जुन्या बाजारात वर्षानुवर्षे फिरत असत, आणि गिऱ्हाईक जुन्या पाकिटावर बोट ठेवून ‘असा शिवा’ म्हणत असे.

वरची मर्यादा पाठीमागचा हिशेब देतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नये पैसे झाले. आण्यांची भाषा तोंडात पुढेही राहिली, पण रुपये-आणे-पै अशा तीन रकान्यांत केलेली नोंद त्यानंतर लवकरच मागे पडली. कापड वारांत मोजले आहे, मीटरमध्ये नाही. मेट्रिक मापे १९५८पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. अतिनील प्रकाशाच्या छोट्या विजेरीखाली कागद मंद पिवळसर दिसला. पांढरेपणासाठी कागदात घातली जाणारी जी रसायने या प्रकाशात निळसर चमकतात, ती त्यात नाहीत; ती १९५०नंतर हळूहळू सर्रास झाली. चौकटीतला मागचा पुठ्ठा मात्र झगझगीत चमकला, म्हणजे चौकट बरीच नंतरची. या सगळ्याचा मेळ घालून आम्ही कागदाचा काळ १९५३ ते १९५८ असा लिहिला. याहून नेमके वर्ष लिहिण्यास आम्ही नकार दिला.

पत्राचा प्रश्न

खरेदीदाराचा युक्तिवाद असा होता की, पॅरिसच्या फॅशनगृहांतील कामाच्या रेखाटनांवरही कापडाचे तुकडे टोचलेले असतात. ही गोष्ट खरी आहे. तुकडा टोचलेला असणे हा दोन्हींकडे लागू पडणारा पुरावा आहे आणि म्हणून तो कुठल्याच बाजूचा नाही. पण त्या काळी पॅरिसची गृहे आपली रेखाटने कडेकोट जपत; नकलांचा धंदा एवढा मोठा होता की नव्या कपड्यांच्या प्रदर्शनात प्रेक्षकांना रेखाटन करू दिले जात नसे. असे मूळ रेखाटन फोर्टातल्या कारागिराच्या हाती येण्याची शक्यता मुळातच कमी, आणि ते कार्बन कागदावरून गिरवलेले असण्याची शक्यता त्याहून कमी. पाठीवर मोडीत आणि आण्यांत हिशेब असताना दुसरे काही लिहिणे आम्हाला शक्य नव्हते. पत्रात आम्ही ‘छापील परदेशी आकृतीवरून मुंबईत गिरवलेले व गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे बदललेले, शिवणाचे कामाचे रेखाटन, अंदाजे १९५३–५८’ असे लिहून दिले. खरेदीदाराने पुढे चौकशी केली नाही. भाचा दोन दिवस नाराज होता, आणि त्याची नाराजी समजण्यासारखी होती. पण पर्यटकांसमोर सांगायला त्याच्याकडे आता पूर्वीपेक्षा चांगली गोष्ट आहे, असे आमचे म्हणणे.

कोकणात हा कागद टिकवायचा कसा

चौकटीची अवस्था वाईट होती. मागे प्लायवूडची फळी, तिला ठोकलेले गंजके खिळे, आणि पुठ्ठ्याला चित्र चिकटवताना वापरलेली पिठाची खळ. खळ हे कसरीचे, म्हणजे कागद खाणाऱ्या किड्याचे, आवडते खाद्य आहे, आणि डाव्या कडेचा कागद तिने तासून पातळ केला होता. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर जांभ्याची भिंत महिनोन्‌महिने ओल धरते, आणि चित्र नेमके पश्चिमेच्या, झडीच्या भिंतीवर होते. तपकिरी बुरशीचे ठिपके बाईच्या चेहऱ्यापर्यंत पोचले होते.

चित्र वाळत घालून ‘ऊन दाखवावे’ असा सल्ला शेजाऱ्यांनी दिला होता. सुदैवाने तो कुणी पाळला नाही. कडेच्या पुठ्ठ्याखाली झग्याच्या घेराचे टोक झाकले गेले होते. पुठ्ठा काढल्यावर तिथली बोटभर पट्टी गर्द किरमिजी निघाली आणि उरलेला झगा तिच्या शेजारी विटकरी दिसू लागला. मूळ रंग तो किरमिजी होता. प्रकाशाने उडालेला रंग परत आणता येत नाही, आणि तो आणण्याचा प्रयत्न करू नये असेच आम्ही सुचवले. कागदावरील कामांना ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश देऊ नये असा संग्रहालयांचा दंडक आहे. दिवसा माजघरात याच्या कितीतरी पट उजेड असतो, आणि भाच्याला हवा असलेला दिवा त्यात भर घालणारा होता.

कागद पाण्याने धुऊन आम्ल काढण्याचा विचार झाला. पाठीवरच्या निळ्या शाईवर, एका आकड्याच्या टोकाशी, ओलसर कापसाचा बोळा क्षणभर टेकवताच तो निळा झाला, आणि तो विचार तिथेच संपला. मऊ ब्रशने आणि कोरड्या रबरी स्पंजाने बुरशी व धूळ काढली, फाटलेल्या कडा जपानी कागदाने आणि गव्हाच्या शुद्ध स्टार्चच्या पातळ खळीने जोडल्या. ही खळ पाण्याने सुटते, त्यामुळे पुढे कुणाला ती काढावीशी वाटली तर काढता येते. पण पाणी शाईपासून दूर ठेवावे लागेल, ही सूचना सोबतच्या कागदावर ठळक लिहिली आहे.

टाचणीबद्दल मतभेद झाला. ती मूळ आहे म्हणून जागेवर राहावी, असे भाच्याचे म्हणणे होते. गंज कापडाच्या तंतूंत शिरत होता आणि टाचणीभोवती कागद तपकिरी पडून ठिसूळ झाला होता, म्हणून आम्ही ती काढली, वेगळ्या छोट्या पाकिटात ठेवली आणि तुकडा जुन्याच दोन छिद्रांतून सुती दोऱ्याच्या दोन टाक्यांनी जागेवर लावला. गंजाचा डाग तसाच ठेवला. तुकडा कागदाला कसा अडकवला होता, हे सांगणारी तेवढीच खूण आता कागदावर आहे.

मूळ कागद आता आम्लविरहित पुठ्ठ्याच्या पेटीत, आतल्या भिंतीच्या कपाटात, वरच्या फळीवर आहे. पेटी घट्ट बंद होणाऱ्या डब्यात असून त्यात सिलिका जेलचे नारिंगी दाणे ठेवले आहेत. ते ओल शोषून हिरवे पडले की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरायचे. पावसाळ्यात हे दर महिन्याला पाहावे लागेल, कारण दाणे पुरते भिजले की पुन्हा तापवेपर्यंत त्यांचा उपयोग राहत नाही आणि बंद डब्यातली ओल उघड्यापेक्षा वाईट. डांबरगोळ्या आणि कापूर घालू नये असे सांगितले. बैठकीत आता कागदाच्या दोन्ही बाजूंची मूळ आकारातील छापील प्रत शेजारी शेजारी लावली आहे, दिव्यासह. मोडीच्या सहा ओळींचे देवनागरी वाचन खाली दिले आहे, आणि पाहुणे समोरच्या बाईपेक्षा या ओळींसमोरच अधिक वेळ उभे राहतात, असे भाचा सांगतो.

आत्यांना आमचा कापडाचा हिशेब कागदावर पटला नव्हता. त्यांनी बाजारातल्या एका शिंप्याला बोलावून वर्तमानपत्रे जोडून ३६ इंच पन्हा करायला लावला आणि त्यावर सहा कळ्या, चोळी आणि बाह्या मांडून घेतल्या. शिंप्याने आमची मांडणी एके ठिकाणी बदलली: बाह्या चोळीच्या शेजारी न ठेवता त्याने त्यांतली एक कळ्यांच्या कडेला उरलेल्या पट्टीत आडवी घालून पाहिली, ती बसली नाही, आणि मग तो आमच्याच मांडणीवर आला. उरलेले कापड सहा इंचच निघाले. कापलेल्या कळ्याही पेटीत ठेवाव्यात, असा आत्यांचा आग्रह होता. वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त असतो आणि शेजारच्या कागदालाही पिवळा करतो, म्हणून तो मानता आला नाही. त्या कळ्या शिंपी घेऊन गेला. नाताळच्या कामांत एका गिऱ्हाइकाला असाच झगा हवा आहे, असे तो म्हणाला. कमरेला मात्र चार इंच वाढवावे लागतील.